बघ्यांची शाळा

आमच्या शिक्षणक्षेत्रात अलीकडे एक सिद्धांत मोठ्या डौलाने मिरवत आहे. तो असा की, मनुष्याचे ज्ञान मुख्यतः डोळ्यांच्या वाटेने आत येते. म्हणून मुलास जितके अधिक दाखवावे तितके ते अधिक शिकते. आणि ज्या शाळेत भिंतीवर पडदा व पडद्यावर हलती चित्रे नाहीत ती शाळा मागासलेली. या सिद्धांताच्या पाठीशी आकड्यांची फौजही उभी असते. शंभरांतले त्र्याऐंशी भाग ज्ञान डोळ्यांनी मिळते. मेंदू अक्षरांपेक्षा चित्र साठ हजार पट वेगाने ग्रहण करतो. वाचलेले दहा टक्के आणि पाहिलेले तीस टक्के लक्षात राहते. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून ही वाक्ये इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की, त्यांस आता मंत्राची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. मंत्राचा अर्थ विचारू नये असा आपल्याकडे संकेत असल्यामुळे कोणी तो विचारतही नाही.

मी तो विचारू इच्छितो. साठ हजार पट हा आकडा कोणी, कोणत्या प्रयोगात, किती माणसांवर काढला, याचा माग काढण्याचा प्रयत्न काही चिकित्सक मंडळींनी केला आहे. तो माग जाहिरातीच्या पुस्तिकांपाशी जाऊन थांबतो. प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही. दहा-वीस-तीस टक्क्यांची उतरंड तर एड्गर डेल या अमेरिकन प्राध्यापकाच्या नावावर खपविली जाते. डेलने १९४६ साली दृक्‌श्राव्य साधनांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात 'अनुभवाचा शंकू' म्हणून एक आकृती काढली, हे खरे. परंतु त्या आकृतीत टक्केवारीचा एकही आकडा नव्हता. आकडे मागाहून इतरांनी चिकटविले. आणि मौज अशी की, त्या शंकूच्या तळाशी, म्हणजे सर्वांत रुंद व भक्कम जागी, डेलने चित्रपट ठेवलाच नव्हता. तेथे त्याने स्वतः हेतुपूर्वक घेतलेला प्रत्यक्ष अनुभव ठेवला होता. चित्रपट बराच वर, निमुळत्या भागाकडे होता. ज्याच्या नावाने पडदा विकला जातो, त्याचे पुस्तक विकणाऱ्याने उघडले नसावे, असेच म्हणावे लागते.

याच घराण्यातली दुसरी समजूत म्हणजे मुलांचे प्रकार पाडणे. कोणी पाहून शिकणारा, कोणी ऐकून, कोणी वाचून, कोणी हालचालीने. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास या वर्गीकरणास जे रूप दिले, ते आज आमच्या सुशिक्षित घरांत जन्मपत्रिकेच्या शेजारी जाऊन बसले आहे. 'आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे', असे सांगताना आईबापांच्या मुद्रेवर जे समाधान दिसते, ते पूर्वी 'राजयोग आहे' असे सांगताना दिसत असे. २००८ साली पॅश्लर व त्यांचे तीन सहकारी यांनी या विषयावरचे उपलब्ध संशोधन तपासले. मुलाच्या कथित प्रकाराप्रमाणे शिकविले असता त्यास अधिक येते, हे दाखविणारा पुरेसा पुरावा त्यांस आढळला नाही. मुलांच्या आवडी भिन्न असतात, यात वाद नाही. परंतु आवड म्हणजे मेंदूची रचना नव्हे. मला व्याख्यान बसून ऐकण्यापेक्षा पडून ऐकणे आवडते. म्हणून मी 'पडून शिकणारा' ठरत नाही.

या साऱ्या समजुतींच्या बुडाशी मेंदूविषयीची एक चुकीची कल्पना आहे. ती कल्पना थेट आमच्या तहसील कचेरीवरून उचलल्यासारखी दिसते. डोळा हा टपाल घेणारा कारकून. तो बाहेरचे कागद आत आणून ठेवतो. आत कोठे तरी मन नावाचे साहेब बसले आहेत. ते कागद वाचून निर्णय देतात. हातपाय हे शिपाई. निर्णयाचा हुकूम घेऊन ते बाहेर धावतात. ही व्यवस्था खरी असती तर पडदावाद्यांचे म्हणणे बिनतोड ठरले असते. कारकुनाने भरपूर व रंगीत कागद आणावे, साहेबांचे ज्ञान वाढावे, आणि शिपायांस तूर्त बाकावर बसवून ठेवावे. आमच्या शाळा मुलांचे हातपाय बाकावर बसवून ठेवतात, त्यामागे हेच तत्त्वज्ञान आहे. मात्र ते आपले तत्त्वज्ञान आहे, हे शाळांस ठाऊक नाही.

वाचकांनी एक साधा प्रयोग बसल्या जागी करून पाहावा. एक डोळा मिटून, दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेशी पापणीवर बोटाने अगदी हलका दाब द्यावा. समोरची भिंत हललेली दिसेल. आता बोट काढावे आणि तोच डोळा आपल्या इच्छेने डावीकडून उजवीकडे फिरवावा. भिंत जागच्या जागी राहील. डोळ्याच्या आतल्या पटलावर चित्र दोन्ही वेळा सरकलेच. मग एकदा जग हलते आणि एकदा हलत नाही, हे कसे? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात या कोड्याचा विचार केला आणि पुढील संशोधनाने त्याचा आशय पक्का केला. मेंदू डोळ्याच्या स्नायूंस हालचालीचा हुकूम देतो, तेव्हाच त्या हुकुमाची एक प्रत पाहण्याच्या भागांकडेही धाडतो. त्यामुळे चित्राचे सरकणे कोणत्या कारणाने झाले हे आधीच कळलेले असते. बोटाने ढकललेल्या डोळ्याच्या बाबतीत अशी प्रत जात नाही, म्हणून भिंत नाचते. तात्पर्य, स्थिर जग पाहावयाचे तरी त्यात हालचालीचा हिशेब मिसळावाच लागतो. कारकून आणि शिपाई निरनिराळे नाहीत.

याहून मार्मिक प्रयोग रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाईन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी मांजरीची पिल्ले अंधारात वाढविली. त्यांच्या दहा जोड्या केल्या. दररोज काही तास एका जोडीस उजेडात, उभे पट्टे रंगविलेल्या गोल भिंतीच्या आत, एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांस जोडीत. एका टोकाचे पिल्लू आपल्या पायांनी चाले. दुसऱ्या टोकाचे एका लहानशा पाळण्यात बसलेले असे. पहिले जिकडे चाले, वळे, थांबे, तिकडे पाळणाही फिरे. अर्थात् दोघांच्या डोळ्यांसमोरून जवळजवळ सारखीच दृश्ये जात. पडदावाद्यांच्या हिशेबाने दोघांचे शिक्षण समसमान झाले. प्रत्यक्षात मात्र चालणारे पिल्लू नेहमीच्या पिल्लासारखे निघाले. टेबलाची कड जवळ येताच पंजा पुढे करी, काचेखालचा खोल खड्डा टाळी. पाळण्यातल्या पिल्लास यातले काही येईना. त्याचे डोळे शाबूत होते, पाय शाबूत होते. डोळ्यांनी पाहिलेल्याचा पायांसाठी काय अर्थ, एवढेच त्यास ठाऊक नव्हते. पुढे त्या पिल्लांस उजेडात मोकळे सोडले, तेव्हा दोन दिवसांतच ती इतरांसारखी वागू लागली. हाही भाग सांगितला पाहिजे, कारण तो माझ्या बाजूचाच पुरावा आहे. त्या पिल्लांस जे औषध लागू पडले ते अधिक चित्रांचे नव्हते. ते चार पावले स्वतः चालण्याचे होते.

मांजराचे उदाहरण माणसास कसे लागू करता, असे कोणी विचारील. तर माणसाचेच घ्या, आणि तेही आपल्या देशातले. आयरिश पंडित मॉलिन्यू याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लॉक या तत्त्ववेत्त्यास एक प्रश्न विचारला होता: जन्मांध मनुष्य स्पर्शाने गोल व चौकोन ओळखतो; त्यास एकाएकी दृष्टी आली तर केवळ पाहून तो ते ओळखील काय? तीन शतके हा वाद खुर्चीत बसून चालला. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमाने उत्तर भारतातील जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करवून त्यांस दृष्टी दिली आणि त्याबरोबर या प्रश्नाचे उत्तरही मिळविले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. उत्तर असे की, नाही. हातास परिचित असलेली वस्तू नव्या डोळ्यास ओळखू येत नाही. परंतु काही दिवस हात आणि डोळा बरोबरीने वावरले की ओळख जुळू लागते. याच उपक्रमात असेही दिसले की, या मुलांस स्थिर चित्रातल्या एकमेकींवर आलेल्या आकृती निरनिराळ्या करता येत नसत. त्या हलू लागल्या म्हणजे मात्र त्यांस त्या वेगळ्या दिसत. २०११ च्या त्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव वृद्ध रिचर्ड हेल्ड यांचे आहे. मांजरीच्या पिल्लांचे तेच. अर्धे शतक एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरविणारी माणसे आम्हां प्राध्यापकांत किती आहेत, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. असो.

आता आमच्या नागभीडकडे वळतो. नागपूरहून नागभीडपर्यंत अरुंद मार्गाची एक लहानगी रेल्वे पुष्कळ वर्षे धावत असे. २०१९ साली ती मार्ग रुंद करण्यासाठी बंद झाली. उमरेड, भिवापूर मागे टाकून ती झाडीत शिरे आणि आम्ही खिडकीशी बसलेली पांढरपेशी मंडळी वर्षानुवर्षे ते जंगल पाहत असू. किती पाहिले! ऐन, मोह, धावडा, तेंदू, पळस. सर्व ऋतूंत, सर्व रंगांत. चैत्रात पहाटे मोहफुले वेचावयास जाणाऱ्या बाईने त्याच जंगलाचा एखादाच तुकडा पाहिलेला असेल. तरीही गाडीतून उतरवून आम्हांस त्या जंगलात सोडले तर वाट सोडून शंभर पावलांवर आम्ही चुकू. आणि ती अंधारात, आज कोणत्या झाडाखाली सडा पडला असेल, ते ठरवून नेमकी तेथे जाते. आमच्या डोळ्यांत दोष नाही. आम्ही पाळण्यातली पिल्ले होतो, इतकेच. जंगलाने आम्हांस एकही प्रश्न विचारला नाही. कारण आमच्या कोणत्याही पावलावर त्याचे दृश्य अवलंबून नव्हते.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची कथा आमच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. झाडावर पक्षी, आणि अर्जुनास फक्त त्याचा डोळा दिसला. म्हणून मुलांनो, एकाग्र व्हा. पण कथा सांगणारे तिच्यातला एक तपशील हमखास गाळतात. आचार्यांनी शिष्यांस हात जोडून बसवून हा प्रश्न विचारला नव्हता. प्रत्येकाने धनुष्य ताणून, बाण लावून उभे राहिल्यावर त्यांनी विचारले की, तुला काय दिसते? ताणलेल्या धनुष्यामागच्या डोळ्यास जे दिसते ते रिकाम्या हाताच्या डोळ्यास दिसत नाही. ही गोष्ट आमच्या महाकाव्याच्या कर्त्यास ठाऊक होती. ती आमच्या अभ्यासक्रमाच्या कर्त्यांस ठाऊक व्हावयाची आहे.

निर्णयासंबंधी आधुनिक शास्त्र काय म्हणते? न्यूसम आणि शॅडलेन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत पडद्यावर ठिपक्यांचा कालवा दिसे. त्यांतले काही ठिपके उजवीकडे वा डावीकडे सरकत. बाकीचे सैरावैरा धावत. प्रवाह कोणत्या बाजूचा, हे माकडाने त्या बाजूस नजर वळवून सांगावयाचे. तेव्हा मेंदूच्या ज्या भागातील पेशी नजर वळविण्याची तयारी करतात, त्यांतच हळूहळू क्रिया चढत जाई. पुरावा स्पष्ट असेल तर लवकर, संदिग्ध असेल तर सावकाश. निर्णय आधी आणि हालचालीची तयारी मागाहून, असा क्रम दिसेना. काहींस वाटले, साहेबांची खुर्ची सापडली! परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तोच भाग औषधाने निपचित केला, तरी माकडे पूर्वीसारखेच अचूक निर्णय देत राहिली. खुर्ची पुन्हा रिकामी. त्यानंतर २०२५ साली बारा प्रयोगशाळांनी मिळून केलेले एक प्रचंड काम प्रसिद्ध झाले. १३९ उंदरांच्या मेंदूतील सहा लाखांहून अधिक पेशींची नोंद त्यांनी केली. उंदरापुढे पडद्याच्या एका बाजूस पट्ट्यांची आकृती दिसे; पुढच्या पायांनी लहानसे चाक फिरवून ती त्याने मध्यावर आणावयाची. जमले तर घोटभर गोड पाणी. या क्षुल्लक दिसणाऱ्या कामात निर्णयाच्या खुणा मेंदूच्या एका कोपऱ्यात नव्हे, जवळजवळ सर्वत्र पसरलेल्या आढळल्या. आकृती फार पुसट असे तेव्हा उंदीर मागच्या अनुभवावरून अंदाज बांधी. आणि तो अंदाज डोळ्याकडची वार्ता सर्वांआधी घेणाऱ्या भागांतही उमटलेला दिसला. म्हणजे प्राणी आधी पाहतो, मग विचार करतो, मग वागतो, अशी पंगत बसतच नाही. तो जे करणार आहे आणि पूर्वी जे करून बसला आहे, ते त्याच्या पाहण्यातच उतरलेले असते.

येथे एका मोहाचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे होईल. उंदीर धावत असताना त्याच्या दृष्टिभागातील पेशींची प्रतिक्रिया दुपटीहून अधिक वाढते, असे नील आणि स्ट्रायकर यांनी २०१० साली दाखविले. हे वाचून 'मुलांना पळवा म्हणजे त्यांना अधिक दिसेल' अशी घोषणा करणे सोपे आहे, आणि काही उत्साही मंडळींनी ती केलीही आहे. परंतु पुढे माकडांवर झालेल्या तशाच प्रयोगांत हा परिणाम फार क्षीण आढळला. म्हणून त्या आधाराचा मी उपयोग करीत नाही. पडद्याचा खोटा मंत्र जाऊन त्याच्या जागी पळण्याचा खोटा मंत्र यावा, अशी माझी इच्छा नाही.

हा वाद केवळ पुस्तकी आहे, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी आमच्या ब्रह्मपुरी वनविभागाकडे पाहावे. नागभीड, तळोधी, सिंदेवाही, चिमूर ही सर्व वनक्षेत्रे त्यातलीच. येथे माणूस आणि वाघ एकाच वाटेने येजा करतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. अशी घटना झाली म्हणजे फलक लागतात, चित्रफिती दाखविल्या जातात: सावध राहा, चहूकडे लक्ष ठेवा. आता चहा करण्यासारखे साधे काम करणाऱ्या माणसांची नजर कोठे जाते, याचा मायकेल लँड यांनी १९९९ साली अभ्यास केला. नजर जवळजवळ सर्वकाळ हातातल्या कामाशी बांधलेली असते; हाताच्या अर्धा-पाऊण सेकंद पुढे ती धावते आणि त्याच कामाच्या पुढल्या वस्तूवर जाऊन बसते. इकडे तिकडे भटकण्यास तिला सवड नसते. चहाची ही कथा. मग वाकून, एकेक पान निवडून, सत्तर पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईने त्याच डोळ्यांनी चहूकडे लक्ष कसे ठेवावे? हा तिचा निष्काळजीपणा नव्हे. डोळ्याचा धर्म आहे. ज्याच्या हातास दुसरे काम नाही असा एक माणूस प्रत्येक टोळीमागे पहाऱ्यास असणे, आणि त्याचा रोज तेंदूच्या हंगामाच्या खर्चात धरणे, हा उपाय फलकाहून महाग आहे. म्हणूनच फलक लोकप्रिय आहेत. दाखविले की कर्तव्य संपले, ही जी शाळेतली सवय, तीच येथे माणसांच्या जिवावर उठते.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप. पहिला असा की, मूल पाहून शिकत नाही काय? चिमुरडी पोर आईचे पाहून भाकरी थापते. उत्तर असे की, पाहणारे पाहतात ते आपल्या हाताच्या मापाने. लंडन येथे २००५ साली झालेल्या एका अभ्यासात बॅले नर्तक आणि ब्राझीलच्या कापोएरा या युद्धनृत्याचे जाणकार यांस दोन्ही प्रकारची नृत्ये दाखविली आणि त्यांच्या मेंदूतील क्रिया तपासली. ज्यास जे नृत्य स्वतःस येत होते, ते पाहताना त्याच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग अधिक जागे झाले. कोणी म्हणेल, ते नृत्य त्यांनी अधिक वेळा पाहिले असेल. म्हणून पुढच्या वर्षी बॅलेतले पुरुष आणि स्त्रिया घेतल्या. ही मंडळी एकमेकांच्या हालचाली रोज पाहतात, पण करतात फक्त आपापल्या. फरक तरीही राहिला. वडसा-ब्रह्मपुरीकडे रात्रभर दंडार पाहणाऱ्या गर्दीत ज्याने एकदा तरी स्वतः पायांत चाळ बांधले आहेत, तो आणि मी, आम्ही दोघे एकच दंडार पाहत नसतो. तेव्हा अनुकरण हे नुसत्या पाहण्याचे फळ नव्हे. भाकरी थापणाऱ्या पोरीच्या हातात पिठाचा गोळा असतो. तो काढून घ्या आणि तिला वर्षभर भाकरीच्या चित्रफिती दाखवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'तुम्ही शहरी शिकलेले लोक आपल्या मुलांस संगणक देता आणि आमच्या पोरांनी चिखलच तुडवावा असे सांगता!' हा आक्षेप नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण देणारी 'नई तालीम' जन्मास आली, तेव्हाही तो घेतला गेला; आणि ज्यांच्या वाट्यास पिढ्यानुपिढ्या हातकामच आले होते, अक्षर आले नव्हते, त्यांनी तो घ्यावा यात नवल ते काय? शिवाय त्या योजनेत पुढे पुष्कळ ठिकाणी टकळी राहिली आणि तिच्यातले गणित उडाले, हेही खरे. परंतु त्या योजनेचा अंत मुख्यतः तिच्या दोषांनी झाला, असे मला वाटत नाही. आमच्या मध्यमवर्गाने तिची थट्टा केली. हाताने करावयाचे ते हलके आणि डोळ्यांनी वाचावयाचे ते उच्च, ही आमची जातिव्यवस्थेतून आलेली खोड; पडद्याने तिला फक्त नवे वस्त्र नेसविले आहे.

आणि आजची विषमता कोणत्या दिशेची आहे ते नीट पाहावे. पुण्या-मुंबईच्या भारी शुल्काच्या शाळांची माहितीपत्रके उघडा. तेथे मातीकाम आहे, सुतारकाम आहे, यंत्रमानव जुळविण्याची कार्यशाळा आहे, बागेत वाफे आहेत, वर्गात मुले थोडी आहेत. श्रीमंताचे मूल हात वापरण्यासाठी पैसे मोजते, आणि ज्याच्या घरी बांधी, पऱ्हे, जाळे, माग सर्व काही आहे, त्या मुलास आम्ही पडद्यासमोर मांडी घालून बसवितो व त्यास समता म्हणतो! २०२० च्या महामारीत शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरी फोन होते त्यांच्या मुलांनीही महिनेच्या महिने पाहण्याखेरीज काही केले नाही. त्यांतून ती किती शिकली, हे त्यांच्या शिक्षकांस विचारावे.

मराठी माणसास हे सांगण्यासाठी परदेशी उंदीर आणावे लागावेत, याचा मला थोडा संकोच वाटतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. पुढे ते काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. शंख, शिंपले, बिया, पाने ही त्यांची साधने. आमच्याकडेही २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात एक बाजू याच विचाराची होती. साताऱ्याकडील कुमठे बीटच्या शाळा पाहावयास राज्यभरचे शिक्षक गेले. जमिनीवर आखलेल्या आकृतींभोवती मुले स्वतः काड्या, खडे, मणी मांडून गणित करताना त्यांनी पाहिली. त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू 'डिजिटल शाळा'. दोहोंपैकी छायाचित्रात कोणती अधिक चांगली दिसते, उद्घाटनाची फीत कोणत्या वस्तूस बांधता येते आणि कोणत्या वस्तूची निविदा काढता येते, याचा विचार केला म्हणजे पुढे कोणती बाजू बळावली याचे आश्चर्य वाटत नाही. खड्यांची निविदा निघत नाही.

पडदा फोडून टाका, असे माझे म्हणणे नाही. ज्वालामुखी, हृदयाचे ठोके, ध्रुवप्रदेश या गोष्टी नागभीडच्या मुलास अन्यथा दिसणार नाहीत. त्या अवश्य दाखवाव्या. मात्र चित्र मध्येच थांबवावे आणि विचारावे: आता पुढे काय होईल? प्रत्येकाने पाटीवर लिहावे वा काढावे, मग चित्र पुढे जावे. एवढ्यानेही पाळण्यातल्या पिल्लाचे पाय थोडे जमिनीस लागतील. पण जे दारात आहे ते पडद्यावर दाखविण्याचा अट्टाहास कशासाठी? आमच्या गावोगाव माजी मालगुजारी तलाव आहेत, ज्यांस लोक 'मामा तलाव' म्हणतात. त्यांतल्या एखाद्याची लांबी दोरीने आणि खोली बांबूने मोजून पाण्याचा हिशेब करणारा वर्ग घनफळ शिकेल, आणि त्या पाण्यावर किती बांध्या भिजतात हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यापुरते नागरिकशास्त्रही शिकेल. मग त्या घनफळाचे सूत्र त्याने पुस्तकात पाहावे; ते त्यास दिसेल.

आषाढात रोवणी सुरू झाली म्हणजे आमच्या तालुक्यातल्या शाळांची हजेरी घटते आणि शिक्षक कुरकुर करतात. त्याच आठवड्यात आठवा वर्ग एक दिवस बांधीवर न्यावा, मजुरीसाठी नव्हे, मोजमापासाठी. एका चौरस मीटरात किती चूड लागतात, एका चुडात किती पऱ्हे धरतात, सराव झालेल्या बाईची ओळ दोरीवाचून सरळ कशी राहते आणि आपली का राहत नाही, हे प्रत्येकाने आधी स्वतः चिखलात उतरून, मग वहीत उतरवून पाहावे. त्या दिवसाचा गुरू ती रोवणी करणारी बाई असावी आणि तिचा त्या दिवसाचा रोज शाळेने द्यावा. हजेरीपट मात्र आठवणीने बरोबर न्यावा. निम्मा वर्ग तेथे आधीच हजर असेल.